तुतीची हजामत

उस्तादांना जमिनीवर पडलेलं काहीही बघवत नसे. हा त्यांचा जन्मजात स्वभाव नव्हे, धंद्यानं लावलेली खोड. उभं आयुष्य त्यांनी कोपऱ्यावरच्या आपल्या सलूनमध्ये लोकांचे केस कापले, आणि एक गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून दुसरं टेकायच्या आत खाली पडलेले केस झाडून कोपऱ्यात लावले. एकाच्या केसांवर उभं राहून दुसऱ्याचे केस कापणं त्यांना असभ्यपणाचं वाटे. अशा माणसाच्या परसात एक भलंमोठं तुतीचं झाड असावं आणि त्या झाडाच्या बरोब्बर खाली तळं असावं, याला काय म्हणायचं! पानगळीच्या दिवसांत त्यांच्या जिवाचं काय होत असेल याची कल्पना ज्यानं त्यानं करावी.

तळं म्हणजे तरी काय, घर बांधताना पाणी साठवायला खणलेला हौद. घर झालं, गवंडी गेले, हौद मागे राहिला. उस्ताद म्हणाले, बुजवून टाकू. त्यांच्या बायकोनं त्याच आठवड्यात त्यात लाल मासे आणून सोडले, आणि मग बुजवायची भाषा कुणी केली नाही. हळूहळू काठाला दगड बसले, दगडांवर शेवाळ बसलं आणि हौदाला सगळे तळं म्हणू लागले.

उस्तादांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणे, तेव्हा आपणही काकूच म्हणू. काकू एका लोकरीच्या दुकानासाठी स्वेटर विणत. उस्ताद गल्लीची डोकी सांभाळतात आणि काकू गल्लीची अंगं, असं शेजारचा शिंपी म्हणायचा. आपल्या वाट्याला मग काय राहिलं, असा त्यातला त्याचा रडका सूर असे. नवरा-बायकोचं तसं बरं चाललं होतं. नवरा बोलका, बायको हिशेबी. नवरा गोड बोलून वेळ मारून नेणारा, बायको खरं बोलून वेळ ओढवून घेणारी. एकाच घरात दोन्ही प्रकार असले की घर चालतं.

आधी उस्तादांचा हात गेला. गेला म्हणजे जागच्या जागीच राहिला, पण थरथरायला लागला. सुरुवातीला उस्तादांनी कुणाला कळू दिलं नाही. वस्तरा धरताना कोपर बरगडीला टेकवायचं, कंगव्यावर बोट दाबून धरायचं, असल्या युक्त्या त्यांनी बऱ्याच दिवस चालवल्या. मग एका सकाळी रिटायर झालेला पोस्टमन खुर्चीत बसलेला असताना वस्तरा कानामागे लागला आणि रक्ताचा एक थेंब पांढऱ्या कापडावर पडला. पोस्टमन भला माणूस. आरशात बघत म्हणाला, "डास फार झालेत हो तुमच्याकडे." उस्तादांनी तुरटी लावली, कापड बदललं, राहिलेली दाढी पूर्ण केली. संध्याकाळी त्यांनी चेल्याला बोलावलं. हा चेला म्हणजे दोन मुलांचा बाप, पण गल्लीच्या लेखी अजून चेलाच. त्याच्या हातात शटरची किल्ली दिली आणि सांगितलं, "उद्यापासून तू उघड."

त्या दिवसापासून उस्तादांचा उजवा हात खिशात राहायला गेला. चहा डाव्या हातानं, नमस्कार नुसत्या मानेनं. लेकीनं काढलेल्या फोटोंत सुद्धा उस्ताद एका हाताचे दिसत. ज्या हातानं आयुष्यभर मान मिळवून दिला त्याची त्यांना लाज वाटायला लागली होती. ही गोष्ट वाईट होती, आणि काकूंना ती कळत होती, पण त्यावर बोलायची सोय उस्तादांनी ठेवली नव्हती.

मग काकूंचे डोळे गेले. तेही पुरते नव्हेत, नुसते मधले. जिथे बघावं तिथेच धब्बा, आणि त्याच्या कडेकडेनं जग शिल्लक. डॉक्टरांनी सांगितलं की मधलं परत यायचं नाही, कडेचं राहील. कडेनं रंग कळेल, आणि एखादी वस्तू हलली की ती जास्त चांगली कळेल. "म्हणजे समोरच्याचं तोंड दिसत नाही, कान दिसतात," काकू लोकांना समजावून सांगत. "ह्यांनी जन्मभर लोकांचे कान बघितले, आता माझी पाळी." स्वेटर बंद झाले. चेहरे बंद झाले. राहिले ते तळ्यातले मासे. एक तर ते लाल, आणि दुसरं म्हणजे सारखे हलणारे.

रोज दुपारी जेवणं आटोपली की काकू खुर्ची घेऊन तळ्याकाठी बसत. तोंड मात्र भिंतीकडे. बघणाऱ्याला वाटावं, बाईंचं तळ्याशी भांडण झालंय. तसं बसलं की पाणी बरोबर नजरेच्या कडेला यायचं. मग पावाचा चुरा टाकायचा, आणि मासे वर आले की मोठ्यानं मोजायचे. सात लाल आणि एक म्हातारा पांढरा. पांढऱ्याला त्या मामंजी म्हणत, कारण तो सगळ्यांत उशिरा यायचा आणि सगळ्यांत आधी खायचा.

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीला या दोघांची काळजी वाटे. एकाला धरवत नाही, दुसरीला दिसत नाही, आणि राहायचं दोघांनीच. तिचं म्हणणं होतं की दोघांनी तिच्याकडे कायमचं यावं. मुलगी गुणाची, जावई मनमिळाऊ, घर ऐसपैस. पण उस्ताद तिथे चार दिवस राहिले की त्यांचा जीव गुदमरे. घर सहाव्या मजल्यावर, खिडक्या बंद, आणि झाडायला एक आपोआप फिरणारं यंत्र. ते सोफ्याखालून निघून उस्तादांच्या पायाला धडकलं, मागे सरलं आणि पुन्हा धडकलं. उस्तादांना कळेना, या घरात पडलेली वस्तू कोणती, आपण की ते.

शेवटी काकूंनीच लेकीशी करार केला. "मला माझे मासे दिसतायत तोवर मी इथे. ज्या दिवशी दिसायचे बंद होतील, त्या दिवशी मीच तुला सांगेन की गाडी घेऊन ये." आईच्या तोंडून खोटं निघत नाही हे लेकीला लहानपणापासून महागात पडलं होतं, तेव्हा तिनं मान्य केलं. अशा रीतीनं उस्तादांचं घर आठ माशांच्या भरवशावर उभं राहिलं.

आता पानगळीचं संकट काय ते लक्षात येईल. तुतीचं पान रुंद. ते पाण्यावर पडतं, दोन दिवस तरंगतं, मग बुडतं आणि तळाशी कुजतं. अशी पानं साठली की पाण्याला उकळून उकळून ठेवलेल्या चहाचा रंग येतो. डोळे शाबूत असणाऱ्याला त्यातही मासा दिसतो. काकूंना दिसत नसे.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या पानं काढणं हे उस्तादांनी आपल्याकडे घेतलं होतं. जुन्या बादलीची कडी, फरशी पुसायच्या दांड्याला बांधलेली, आणि तिला काकूंनी नुसत्या बोटांच्या अंदाजानं विणलेली दोऱ्याची जाळी. एका हातात पावाचा तुकडा घ्यायचा, दुसऱ्या हातात जाळी, आणि काठाच्या दगडाला दांडा टेकवून पानं गोळा करायची. सकाळी परसात कुणी नसे, म्हणून उजव्या हाताला तेवढी मोकळीक होती. तो थरथरला की दांडा दगडावर वाजे, टकटक टकटक, आणि त्या हादऱ्यानं डाव्या हातातला पावाचा घास तोंडाकडे नेताना अर्धा चुरा पाण्यात जाई. उस्ताद तिकडे लक्ष देत नसत. त्यांचं सगळं लक्ष झाडाकडे. "काय रे, आज पुन्हा?" ते तुतीला म्हणत. "रात्री विंचरलं नाहीस वाटतं."

एवढं करूनही त्या वर्षी पानं आवरेनात. वारा सुटला होता, आणि उस्तादांनी एक जाळी काढावी तर झाडानं चार ओतावीत. पाणी दिवसेंदिवस काळपट होत गेलं. एका दुपारी काकूंनी पाच मोजले. पुढच्या दुपारी चार.

"तो बघ ना, दगडापाशी," उस्ताद म्हणाले. "पाचवा. आणि त्याच्या मागे सहावा."

दगडापाशी खरंच कुणी नव्हतं.

"आणि मामंजी ते काय, येतायत सावकाश."

"अहो," काकू भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मला आरसा दाखवू नका."

उस्ताद ओशाळले. सलूनमध्ये केस कापून झाले की ते छोटा आरसा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरत आणि म्हणत, "बघा, कसं झालंय." मागचं डोकं त्यात कुणालाच धड दिसत नाही, पण आजवर एकही माणूस 'दिसलं नाही' म्हणाला नव्हता. सगळे मान हलवत, आणि उस्ताद कापड झटकून मोकळे होत. ही गंमत त्यांनीच लग्न झाल्या झाल्या काकूंना सांगितली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला की येत्या रविवारी मी येतेय. उस्तादांना रात्रभर सहावा मजला दिसत राहिला.

आता माणूस अडचणीत सापडला की त्याला स्वतःच्या धंद्यातलंच औषध सुचतं. केस गळतात म्हणून रडत येणाऱ्या गिऱ्हाइकांना उस्ताद वर्षानुवर्षं एकच उपाय सांगत आले होते: बारीक ठेवा. भार कमी, गळणं कमी. या उपायानं कुणाचे केस परत आल्याचं ऐकिवात नाही, पण गिऱ्हाइकं परत येत. उस्तादांनी परसात उभं राहून तुतीकडे नीट बघितलं. तळ्याच्या बाजूला नुसतं जंगल माजलं होतं. त्यांच्या मनानं घेतलं की हे सगळं दुखणं वाढलेल्या केसांचं आहे.

काकू शिंपिणीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या ती दुपार उस्तादांनी साधली. चेला शिडी आणि करवत घेऊन आला. झाडाकडे बघून त्यानं डोकं खाजवलं.

"उस्ताद, काकूंना विचारलंय ना?"

"घरी आल्यावर बघेल ती. तू चढ."

"नाही, म्हणजे, बघतील कशा?"

"चढ म्हटलं ना!"

चेला चढला. खालून उस्तादांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कानाजवळ अजून थोडं घे. मागून उतरतं ठेव. शेंडीला हात लावू नकोस. हळूहळू त्यांना रंग चढला; कितीतरी दिवसांनी कुणाचं तरी डोकं त्यांच्या सांगण्याप्रमाणे आकाराला येत होतं. तळ्यावर आलेल्या फांद्या एकेक करून खाली आल्या. काम संपलं तेव्हा तुती एका बाजूनं अशी तासलेली दिसत होती की जणू शाळेच्या पहिल्या दिवशी बापानं धरून आणलेलं पोर. चेला हसू दाबत म्हणाला, "आरसा दाखवू का झाडाला?" उस्तादांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि परस लख्ख झाडून काढलं. तळ्यावरचं शेवटचं पानही उचललं. दृष्ट लागावी असं पाणी दिसत होतं.

काकू घरी आल्या, मागच्या दारात आल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या.

"एवढा उजेड कसला?"

दुपारचं ऊन. इतकी वर्षं ते तुती आपल्या अंगावर घेत होती, आता त्याला अडवायला कुणी नव्हतं. ते थेट पाण्यावर उतरलं होतं आणि तळ्याचा सगळा पृष्ठभाग पत्र्यासारखा चकाकत होता. काकू खुर्चीत बसल्या, तोंड भिंतीकडे केलं, चुरा टाकला. त्यांना डोळ्याच्या कडेला एक पांढरा लखलखाट तेवढा दिसला.

"आज डोळ्यांत औषध घातलंय, त्यानं होत असेल," त्या म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या आशेनं म्हटलं की उस्तादांनी झाडाचं सांगणं उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी औषध उतरलं होतं, लखलखाट तसाच होता. शिवाय मासेही वर यायला तयार नव्हते. डोक्यावरचं छप्पर उडालेलं, वर उघडं आभाळ, त्यात मासे टिपणारा एक खंड्या पक्षी भिंतीवर येऊन बसायला लागला. सगळे जण दगडाखाली दडी मारून बसले. काकूंनी उरलेला चुरा बशीत ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"झाड कापलं मी," उस्ताद म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"पानं फार गळत होती. केस गळायला लागले की बारीक..."

"अहो, ते झाड आहे! टक्कल पडलेला पोस्टमन नव्हे!"

एरवी या वाक्यावर दोघंही हसली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. काकूंना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. रात्री जेवताना मीठ मागायला सुद्धा त्या बोलल्या नाहीत, उठून स्वतः घेतलं. मग हात धुऊन त्या फोनपाशी गेल्या. उस्ताद भांडी पुसत होते, तिथून त्यांना सगळं ऐकू आलं.

"रविवारी येतेयस ना? मोठी गाडी घेऊन ये. हो. नाही दिसत. नाही ग, मी बरी आहे. रविवारी दुपारी एकदा बसून बघेन शेवटचं. दिसले तर दिसले."

उस्तादांनी ताटली पुसून ठेवली, पुन्हा उचलली आणि पुन्हा पुसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थरथरणारा हात बापड्यानं इतके दिवस खिशात लपवून ठेवला होता, आणि शेवटी करवत न धरताच त्यांनी आपल्या हातानं आपलं घर कापलं होतं. त्यांना रडू आलं. ते त्यांनी भांड्यांच्या आवाजात मिसळून टाकलं.

शनिवारी सकाळी घरात बसवेना म्हणून ते सलूनच्या बाजूला गेले. दुकानाबाहेर दोरीवर धुतलेली कापडं वाळत होती, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची. त्या कापडांच्या खाली फुटपाथवर सावलीचा पट्टा पडला होता आणि त्यात गल्लीतलं कुत्रं निवांत झोपलं होतं. उस्ताद त्या कुत्र्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"जुनी कापडं असतील ना रे आपली? माझ्या वेळची?"

चेल्यानं माळ्यावरून गठ्ठा काढून दिला. घरी येऊन उस्तादांनी तो काकूंच्या मांडीवर ठेवला. "हे सगळं एकाला एक जोडून देशील? तळ्यावर बांधतो. ऊनही अडेल, वरची पानंही अडतील."

काकूंनी कापड चाचपून बघितलं. कोपऱ्यातली नाडी हाताला लागली, आणि हे काय आहे ते त्यांना कळलं. त्यांच्या कपाळाची आठी थोडी सैल झाली. "सुई ओवून द्या," त्या म्हणाल्या.

आता सुई ओवणार कोण? उस्तादांना नेढं दिसत होतं, पण दोरा त्यांच्या बोटांत असा नाचत होता की सुईच्या आजूबाजूचं सगळं ओवलं जावं. काकूंची बोटं दगडासारखी स्थिर, पण त्यांना नेढंच दिसत नव्हतं. थोडा वेळ दोघांनी आपापल्या परीनं सुईचा छळ केला. मग काकूंनी सुई आणि दोरा दोन्ही आपल्या हातात घेतलं. "तुम्ही नुसतं बघा आणि सांगा."

"जरा वर. अंहं, फार गेलीस. खाली. डावीकडे. आता सरळ ढकल."

दोरा गेला.

"अशी सोपी वाट असताना तुम्ही शिडी कशाला मागवलीत?" काकू म्हणाल्या, आणि पहिला टाका घातला. रागाचा उरलासुरला भाग त्यांनी त्या टाक्यांतच घालून टाकला असावा, कारण शिवण फार मजबूत झाली.

रविवारी सकाळी चेला आणि शिंपी यांनी मिळून ते ठिगळाठिगळांचं छत बांधलं, एक बाजू भिंतीवरच्या खिळ्यांना, दुसरी तुतीच्या उरलेल्या थोटक्यांना. शिंपी थोटकं बघून म्हणाला, "काळजी करू नका, तुती कापली की दुप्पट जोरानं फुटते." हे वाक्य त्यानं आधी म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं, पण शिंपी हा वेळेवर काही देईल तर तो शिंपी कसला. छताखाली पाण्यावर पूर्वीसारखी सावली आली. झाडाच्या दुसऱ्या बाजूची पानं कापडावर पडून वाळू लागली. पाणी स्वच्छ होतं. कसर एकच, त्यात मासे नव्हते. होते, पण दगडाखाली.

लेक आली. मागे जावयाची मोठी गाडी, गाडीत रिकाम्या बॅगा. आईबापांना आपण उपटून नेतोय असं तिला वाटत होतं, आणि न न्यावं तरी भीती वाटत होती. म्हणून ती जेवताना उगाच हवेबद्दल बोलत राहिली. जेवणं झाली. काकू उठल्या, खुर्ची घेऊन तळ्याकाठी बसल्या. तोंड भिंतीकडे केलं, चुरा टाकला.

कुणी आलं नाही.

त्यांनी पुन्हा टाकला. चुरा पाण्यावर पसरला, भिजला, खाली गेला. लेक वाकून बघत होती.

"आई, अगं मलासुद्धा दिसत नाहीयेत. वर आलेलेच नाहीत ते. यात तुझ्या डोळ्यांचा काय संबंध?"

"मी शब्द दिला होता मासे दिसण्याचा," काकू म्हणाल्या. "कारणं द्यायचा नव्हता दिला. एकही नाही. काढ बॅगा."

अशा बाईपुढे काय बोलणार! लेकीनं बापाकडे बघितलं. उस्ताद दाराशी उभे होते, उजवा हात खिशात. त्यांच्या मनात आलं, म्हणावं, तो काय तिथे दगडापाशी एक. पण आरसा दाखवायचा नाही हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं, म्हणून ते मूग गिळून उभे राहिले. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि छताच्या कडेवरून एक पिवळं पान घसरत घसरत पाण्यावर पडलं.

घर सुटत होतं, जग बुडत होतं, तरी पडलेलं पान उस्तादांना बघवेना. खोड ती खोड. कुणी आहे नाही याचं भान न राहता त्यांनी कोपऱ्यातली जाळी उचलली, काठाशी गेले, दांडा दगडाला टेकवला आणि हात लांब केला. हात थरथरला. दांडा दगडावर वाजला, टकटक टकटक.

दगडाखालून काहीतरी लाल बाहेर आलं.

त्यामागून दुसरं. मग दोन एकदम. जाळीभोवती पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं, मासे दांड्याखाली तोंडं वर करून एकमेकांना ढकलू लागले. उस्तादांनी दचकून हात आखडला, टकटक थांबली. मासे गोंधळून इकडेतिकडे फिरले.

"थांबू नका!" काकू ओरडल्या. "वाजवा!"

उस्तादांनी हात पुन्हा लांब केला. वाजवायचं असं काही नव्हतंच. हात आपला आपण वाजवत होता.

"एक," काकू भिंतीकडे तोंड करून मोजू लागल्या. "दोन, तीन. हा चौथा. पाच आणि सहा जोडीनं. सात." मग त्या थांबल्या. "आणि हे आले मामंजी. सगळ्यांत शेवटी."

आठ. लेकीनं स्वतःही मोजले होते. तिचं आणि आईचं जुळलं.

"रोज सकाळी पाव इथे उभं राहून खाता ना तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"हो."

"आणि सांडता."

"सांडतं थोडं. हात..." उस्ताद म्हणाले, आणि आता कुठे त्यांच्या लक्षात आलं की हात बाहेर आहे, लेक त्याच्याकडेच बघतेय आणि तिचे डोळे भरून आलेत. किती दिवसांनी तिनं तो हात बघितला होता. उस्तादांनी जाळी घाईघाईनं खाली ठेवली आणि हात खिशाकडे नेला.

"बाहेर राहू द्या तो," काकू म्हणाल्या.

"कशाला? मासे आले ना आता."

"माशांसाठी नाही सांगत." काकूंचं तोंड अजून भिंतीकडेच होतं, म्हणजे त्या उस्तादांकडेच बघत होत्या. "तुमचं तोंड मला दिसायचं कधीच बंद झालंय. जे हलतं तेवढंच मला दिसतं, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. तुम्ही तो हात खिशात घालता, आणि मग तुम्ही कुठे आहात ते मला कळत नाही."

उस्तादांनी हात बाहेर काढला. लेक उठली, आणि गाडीतल्या रिकाम्या बॅगा आणून तिनं छतावरची वाळलेली पानं त्यात भरायला घेतली.